दुसरा ब्रेक

मंगळवार, ४ फेब्रुवारी

बाळा,

फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पत्ता मामाकडून काढला. फार कष्ट पडले नाहीत. चहाचा दुसरा कप होईपर्यंत त्यानं तुझी गल्ली, तुझं गोदाम, तुझ्या कामाच्या वेळा, सगळं ओकून टाकलं. माझ्या भावाच्या पोटात काही राहत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. तरी तू नेमका त्यालाच पत्ता दिलास. तेव्हा पत्र बघून माझ्यावर रागावू नकोस.

सगळे खुशाल आहोत, असं लिहायचं असतं. बाबा खुशाल दिसतात. सकाळी उठतात, अंडी उकडतात, जरा जास्तच उकडतात, आणि आपल्या ड्रायव्हिंग क्लासच्या ऑफिसचं शटर उघडून टेबलाशी बसतात. आत्या राहायला आली होती, ती गेल्यापासून मीही खुशाल आहे. तिनं घर इतकं आवरलं की चमचे कुठल्या खणात आहेत ते मला अजून शोधावं लागतं. तिचा मोर्चा भिंगरीच्या खोलीकडे वळला तेव्हा मी एवढंच म्हणाले, "ताई, तिथं नको." आवाज चढवला नव्हता. तरी दुसऱ्या दिवशी तिनं बॅग भरली. बाबा तिला सोडून आले.

मामा सांगत होता, तुझं गोदाम फळांचं आहे, आत कडाक्याची थंडी असते. आणि तू तिथं चालत जातोस. बस दारावरून जाते तरी चालत. गाडीत बसतच नाहीस म्हणे. जाड मोजे घेतलेस का? नसतील तर घे. तुझे पाय लहानपणापासून गार.

आता मुद्द्याचं. तू घर सोडलंस ते मी विचारलेल्या एका प्रश्नामुळे, एवढं मला कळतं. ऑक्टोबरात, हॉस्पिटलच्या जिन्यात मी विचारलं, "तू थांबलास का?" तू म्हणालास, "चुकलो, आई." त्यानंतर आपण एका घरात राहिलो खरे, पण धड बोललो नाही. डिसेंबरात तू निघून गेलास.

मी तुला दोष देत नाही. पोलिसांसमोरही मी हेच सांगितलं. ट्रकवाल्यानं स्वतःच कबूल केलंय की त्यानं लाल सिग्नल तोडला. तुझा सिग्नल हिरवा होता. सगळं मान्य. पण गाडी चौकाच्या मधोमध उभी होती, बाळा. चौकात शिरलास की निघून जायचं, काहीही दिसलं तरी मध्ये थांबायचं नाही, हे मीच तुला घोकून घोकून शिकवलं होतं. तू गेला असतास तर ट्रक तुमच्या मागून निघून गेला असता. भिंगरी तलावावर पोचली असती, पोहून आली असती, टॉवेल जमिनीवर टाकला म्हणून माझ्या शिव्या खाल्ल्या असत्या. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्यांत तुझ्याइतका चांगला चालवणारा कोणी नाही. मग तू थांबलास का? भांडी घासताना मला रोज हाच प्रश्न पडतो. भांडी लख्ख निघतात, उत्तर काही निघत नाही.

उत्तर पाठव. मला चार शब्द सुनवायचे असतील तर तेही पाठव.

आई


बुधवार, १९ फेब्रुवारी

बाळा,

उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे तुला मिळालंय. सध्या मी तेवढ्यावर भागवते.

मी पुन्हा शिकवायला लागले. घरात बसून भिंती पाठ झाल्या होत्या. क्लासची जुनी गाडी भंगारात गेली ते तुला माहीत आहेच. बाबांनी एक पांढरी गाडी घेतली, कुणाची तरी वापरलेली, आणि गॅरेजवाल्यांनी तिला शिकवणाऱ्याच्या बाजूला दुसरा ब्रेक बसवून दिला. ते बसवत असताना मी शेजारी उभी होते. पहिल्या दिवशी त्या सीटवर बसले तर पाय कुठं ठेवावा तेच कळेना. एरवी घरात सोफ्यावर बसले तरी माझा उजवा पाय अधांतरी असतो, म्हणून तुम्ही दोघं मला हसायचात.

पहिला विद्यार्थी दातांचा डॉक्टर. लोकांच्या हिरड्यांत खुशाल सुया खुपसणारा माणूस, पण क्लच सोडायचा म्हटलं की कपाळावर घाम. गाडी बंद पडली की माफी मागतो, आणि ती माझी नाही, गाडीची. काल रिव्हर्स घेताना त्यानं चक्क डोळे मिटले. मी म्हटलं, "डॉक्टर, तुमच्या खुर्चीत बसल्यावर मिटा हो डोळे, इथं नको." तो म्हणाला, "बाई, माझ्या खुर्चीत निदान समोरून बस तरी येत नाही." मला हसू फुटलं. ऑक्टोबरनंतर पहिल्यांदा हसले असेन. आणि लगेच असं काही अपराधी वाटलं की डोकं दुखतंय सांगून मी तास अर्धवट सोडला.

आता बाबांचं सांगते. तलावावरून फोन आला होता, भिंगरीच्या कपाटात तिचं सामान तसंच आहे, नव्या मुलींना कपाट हवंय. मी म्हटलं, मी आणते. बाबा म्हणाले, "राहू दे, मी जातो." गेले ते लवकर परत येईनात. आले तेव्हा हातात पिशवी. मी विचारलं, "इतका वेळ कुठं होतात?" म्हणाले, "क्लास सुटायचा होता." त्या लांब बाकावर, बाकीच्या आईबापांच्या ओळीत, ते क्लास सुटेपर्यंत बसून राहिले होते, एरवी बसायचे तसे. मुली केस पुसत बाहेर आल्या, आपापल्या घरी गेल्या, मग हे उठले.

पिशवीत टॉवेल, पोहायचा चष्मा आणि बिस्किटांचा अर्धा पुडा. टॉवेल तेव्हा ओलाच ठेवलेला, त्याला बुरशी धरलेली. मी घासायला घेतला. बाबा दारात उभं राहून बघत होते. म्हणाले, "इतका नको घासूस." मग मी तो तसाच वाळत घातला आणि आम्ही अंडी खाल्ली.

दातवाल्याला मी आपल्या मैदानावर घेऊन जाते. तिथं गेलं की तुम्ही दोघं आठवता. गेल्या उन्हाळ्यात भिंगरीचे पाय पहिल्यांदा माझ्या ब्रेकपर्यंत पोचले, तेव्हा काय तोरा होता तिचा. तू चालवायचास, मी मागच्या सीटवर, आणि ती माझ्या जागेवर बसून तुला उगाचच थांबवायची. तू वैतागून खाली उतरायचास, गाडीला एक फेरी मारायचास आणि खिडकीतून वाकून विचारायचास, "बाई, मी नापास का?" ती म्हणायची, "बघू." मी तुम्हाला पेट्रोल जाळता म्हणून ओरडायचे.

मोजे घेतलेस का ते कळव.

आई


रविवार, ९ मार्च

बाळा,

आज क्लास बंद. रविवार मला नकोसा झालाय. बाकीच्या दिवशी कुणाच्या तरी चुका सुधारण्यात वेळ जातो.

एक केस कापणारी मुलगी शिकायला येते. हात चलाख आहे, तोंड त्याहून चलाख. परवा विचारते, "बाई, तुम्हाला मुलं किती?" मी रस्त्यावरची नजर न काढता म्हटलं, "दोन." म्हणाली, "काय करतात?" मी म्हटलं, "दोघंही बाहेरगावी असतात." तर म्हणते, "अगंबाई, मग घर खायला उठत असेल." मी म्हटलं, "पुढून डावीकडे घ्या." ती डावीकडे वळली. छान वळली, खरं तर. मी तिला तसं सांगितलंही.

घरी येऊन मी भाजी चिरायला घेतली आणि चिरता चिरता सगळी चिरून टाकली, आठवडाभराची. बाबा म्हणाले, "कोण येणार आहे?" मी म्हटलं, "कोणी नाही." ते विळी बाजूला ठेवून माझ्यासमोर बसून राहिले. हल्ली आम्ही असेच बसतो. भांडण नाही, बोलणंही नाही. ते त्या चौकातून जात नाहीत. कोपऱ्यावरच्या दुकानातून ब्रेड आणायला सगळ्या वस्तीला वळसा घालतात. मी विचारत नाही आणि ते सांगत नाहीत. ब्रेड येतो.

मी एकदा त्यांना म्हटलं, "तुम्हाला कधी प्रश्न पडत नाही का, तो थांबला का म्हणून?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "समजा उत्तर मिळालं, तर त्याचं तू करणार काय?" मला त्यांचा राग आला. सगळा शहाणपणा यांच्याच वाट्याला कसा येतो, आणि मी मात्र भाजी चिरत बसते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की मी तुला दोष देत नाही. ते खोटं होतं. मी देते. रोज नाही. पण एखाद्या दिवशी तिची चप्पल दारामागे दिसते, आणि मग मी तुझ्याशी मनातल्या मनात कडाकडा भांडते. संध्याकाळपर्यंत राग उतरतो आणि तुझी काळजी सुरू होते, तू जेवलास का, तिथं कोणी बोलायला आहे का. हे दोन्ही एकाच बाईच्या पोटात कसं मावतं ते मला विचारू नकोस.

तू यावंस असं मला फार वाटतं. तू दारात उभा राहिलास तर मी पुन्हा तेच विचारीन की काय, याची भीतीही वाटते. म्हणून 'ये' असं मी अजून लिहिलेलं नाही. तुला ते खटकलं असेल.

आई


गुरुवार, २७ मार्च

बाळा,

हे नीट, क्रमानं लिहायचा प्रयत्न करते. अक्षर सांभाळून घे.

आज दातवाल्याचा तास होता. मैदानाकडचा रस्ता पाइप टाकायला खणून ठेवलाय, त्यामुळे त्या चौकातूनच जावं लागलं. मी त्याला काही सांगितलं नाही. त्याला बिचाऱ्याला तो एक चौक. आपला सिग्नल हिरवा झाला, त्यानं गाडी झटका न देता उचलली, मला मनात कौतुकही वाटलं. आम्ही चौकाच्या मध्यावर आलो आणि माझ्या बाजूच्या रस्त्यावर एक दुधाची गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या जराशी पुढे सरकली. एवढंच. सरकली आणि तिथंच थांबली. पण आमची गाडी धाडकन उभी राहिली. इंजिन बंद. मागून हॉर्नचा गोंधळ.

दातवाला पांढराफटक पडला. म्हणाला, "चुकलो, बाई. मी थांबायला नको होतं."

मी खाली बघितलं. माझा पाय माझ्या ब्रेकवर होता, तळापर्यंत रोवलेला. त्याचा पाय अजून ॲक्सिलरेटरवरच होता, त्यानं तो उचललासुद्धा नव्हता. मी म्हटलं, "तुम्ही नाही थांबलात, डॉक्टर." तो ऐकेना. "मीच थांबलो हो. मला जाणवलं ना पायाला."

आपल्या धंद्यात हे रोजचं आहे, तुला माहीत आहे. ब्रेक दोन, गाडी एक. शिकवणाऱ्यानं दाबला तरी चालवणाऱ्याला वाटतं आपणच दाबला. लोक शपथेवर सांगतात आणि मी इतकी वर्षं हसून सोडून देते. आज मला हसू आलं नाही. त्याचं ते 'चुकलो' कानात पडलं आणि मी कुठल्या सीटवर बसले आहे ते माझ्या लक्षात आलं.

त्या दिवशी बाबांची गाडी दुरुस्तीला होती, तुम्हाला उशीर झाला होता, म्हणून तुम्ही क्लासची गाडी नेलीत. भिंगरी माझ्या जागेवर बसली होती. माझा ब्रेक तिच्या पायाखाली होता आणि तिचे पाय आता पोचत होते. ट्रक तिच्या बाजूनं आला. तुझ्याआधी तिलाच दिसला असणार. आणि ती माझ्या गाडीत वाढलेली पोर. भीती वाटली की आई काय करते, ते तिनं कळायला लागल्यापासून बघितलेलं.

हॉस्पिटलमध्ये हाडांचे डॉक्टर म्हणाले होते की उजवा घोटा मोडलाय, पाय कशावर तरी जोरानं रेटलेला होता. त्या वेळी घोट्याकडे कोणाचं लक्ष होतं. आज ते वाक्य जसंच्या तसं आठवलं.

तू थांबला नव्हतास, बाळा. तू निघून जात होतास, मी शिकवलं होतं तसं. आणि 'चुकलो' म्हणालास ते दातवाला म्हणाला तसंच, कारण गाडी थांबली तेव्हा चालवत तू होतास.

पुढचं मला नीट आठवत नाही. दातवाल्यानंच गाडी सुरू केली, एकदाही बंद न पाडता घरापर्यंत आणली, आणि खाली उतरून बाबांना हाक मारली.


सोमवार, ३१ मार्च

वरचं पत्र मी टाकलं नव्हतं. आधी बाबांना वाचायला दिलं.

त्यांनी दोनदा वाचलं. घडी घातली. म्हणाले, "हे त्याला पाठवू नकोस."

मी म्हटलं, "का? तो तिकडे स्वतःला खात बसलाय."

"आणि हे वाचून काय होईल? त्याच्या अंगावरचं निघेल आणि तिच्या अंगावर जाईल. ती अकरा वर्षांची आहे." आहे म्हणाले.

"अहो, तिचा काय दोष? ती घाबरली."

"तिचा नाही. मग इतके दिवस त्याचा कसा होता?"

बाबा ऑफिसात जाऊन बसले. त्यानंतर आम्ही दोघं घरात एकमेकांना चुकवत वावरलो. एकदा स्वयंपाकघराच्या दारात समोरासमोर आलो तर दोघंही बाजूला झालो आणि दार रिकामंच राहिलं.

मी सगळ्या बाजूंनी विचार केला. तिची चूक नव्हती असं मी लिहीन, तूही मान्य करशील, पण गाडी कोणी थांबवली हे एकदा कागदावर उतरलं की ते उतरलं. आपल्या पोरीच्या नावावर असलं काही लिहायला हात धजत नाही. ती समोर असती तर भांडली तरी असती. पण मला मुलं दोन आहेत. तिच्यासाठी आता मला काही करता येत नाही, टॉवेलसुद्धा धुता येत नाही. तुझ्यासाठी येतं. तू न केलेल्या गोष्टीचं ओझं घेऊन रोज त्या थंडगार गोदामात चालत जातोस, आणि ते तुझ्या डोक्यावर मी ठेवलंय. हे माहीत असून गप्प बसले तर मी तुझी कोण राहीन?

आज सकाळी हे सगळं मी बाबांना सांगितलं. मग त्यांनीच खणातून पाकीट काढलं, पत्ता लिहिला, चिकटवलं. टपालपेटी त्या चौकाच्या पलीकडे आहे. मी खिडकीतून बघत होते. ते वळसा न घालता सरळ गेले.

बाळा, तुझी काही चूक नव्हती. हे मी आता मनापासून लिहिते आहे.

आई


गुरुवार, १० एप्रिल

आई,

तुझी सगळी पत्रं मिळाली. मोजे घेतले.

शेवटचं पत्र वाचून मी कामावर गेलो नाही. गोदामामागच्या पायऱ्यांवर बसून होतो. तुला काय लिहावं ते कळत नव्हतं, कारण तुला जे आता कळलं ते मला त्याच क्षणी कळलं होतं. मैदानात तिनं मला इतक्या वेळा थांबवलंय की माझा ब्रेक कुठला आणि तिचा कुठला, हे मला झोपेतही सांगता येईल. पोलिसांना मीच सांगितलं की मी दाबला.

एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. ट्रक लागल्यानंतर थोडा वेळ ती शुद्धीवर होती. लोक बाहेरून दार ओढत होते, ते निघत नव्हतं. ती रडत नव्हती. दुखतंय असंही म्हणाली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "दादा, मी वेळेवर दाबला ना?"

मी म्हटलं, "एकदम वेळेवर."

ती म्हणाली, "तुला दिसलाच नव्हता."

मी म्हटलं, "नाही दिसला. तू होतीस म्हणून वाचलो."

मग म्हणाली, "आईला सांग."

त्यानंतर ती बोलली नाही.

मी जिन्यात तुझी वाट बघत उभा होतो ते हेच सांगायला. तू आलीस आणि विचारलंस, तू थांबलास का. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे मला तुला सांगताच येणार नाही. दुसऱ्या कुठल्याही आईला सांगितलं असतं. तू ऐकल्या ऐकल्या ओळखलं असतंस की थांबायलाच नको होतं. तिला मी शाबासकी देऊन थोडाच वेळ झाला होता, आणि ती मी लगेच काढून घेतल्यासारखं झालं असतं. म्हणून म्हटलं, चुकलो.

मी तुझ्यावर रागावून गेलो नाही. घरात राहिलो असतो तर कधीतरी तोंडातून निघून गेलं असतं. बाबा तलावावर जाऊन बसले ते वाचलं तेव्हा फोन करणारच होतो.

तुला आता सगळं कळलंच आहे. तेव्हा तिनं सांगितलेलं सांगतो. आई, तिनं वेळेवर दाबला.


बुधवार, १६ एप्रिल

बाळा,

तुझं पत्र मी बाबांना वाचून दाखवायला बसले. अर्ध्यापर्यंत वाचलं. पुढचं त्यांनी माझ्या हातातून घेऊन वाचलं, मोठ्यानं, 'आईला सांग'पर्यंत. मग आम्ही दोघं रडलो. ऑक्टोबरपासून आम्ही एकत्र रडलो नव्हतो, आपापल्या खोलीत उरकत होतो. केस कापणारी मुलगी तासाला आली होती, ती दारातून बघून परत गेली आणि जाताना शटर अर्धं ओढून गेली.

निरोप पोचला. उशिरा पोचला, पण त्याला कारण मीच आहे, तू नाहीस.

तुला ठाऊक आहे, शिकवताना मी कोणालाही खोटी शाबासकी देत नाही. तुला तर कधीच दिली नाही, तू कितीही तोंड पाडलंस तरी. पण तिनं मला विचारलं असतं तर मीही हेच म्हणाले असते, याच शब्दांत. फक्त मी तिथं नव्हते. तू होतास, आणि तुझं अंग काचांनी भरलेलं असताना तुला ते सुचलं. मला वाटत होतं माझी पोर घाबरून गेली. इतके दिवस मी हे कोणाजवळ बोलले नाही, बाबांजवळही नाही. ती तशी गेली नाही, हे तू मला सांगितलंस. याच्याबद्दल तुला काय म्हणू ते मला कळत नाही.

आम्ही दोघं शनिवारी तुझ्याकडे येतोय. बाबांनी बसची तिकिटं काढली आहेत. तुझ्याकडे अंथरूण एकच असेल तर काही हरकत नाही, आम्ही खाली झोपू. परत यायचं की नाही ते तुझं तू ठरव, आम्ही ओढून नेणार नाही.

एक गोष्ट मात्र मी तुला आई म्हणून सांगणार आहे, आणि ती तू ऐकायचीस. मामा म्हणतो तू कोणाशी बोलत नाहीस, धड जेवत नाहीस, उन्हातसुद्धा बाहेर पडत नाहीस. हे आता बंद कर. ती गेली ती दादाला वाचवलं असं समजून गेली. तू तसं हो म्हणालास. आता तू नीट जग, तिला खोटं पाडू नकोस.

आई